झाकल्या बाजूचं ऊन

१

डॉ. दौलतराव भोपी रोज सकाळी दहा वाजता आपल्या डोळ्यांची परीक्षा घेत, आणि पेपरही स्वतःच तपासत.

मांजर्लीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या घरात उत्तरेकडे एक खिडकी होती. तिच्यातून थेट ऊन कधी यायचं नाही. नुसता स्थिर, पांढरा उजेड यायचा. त्या उजेडात ते पंचाऐंशी रंगीत चकत्या घेऊन बसत. शेजारशेजारच्या दोन चकत्यांत फरक इतका बारीक, की दुसऱ्या कुणाला त्या सारख्याच वाटाव्यात. चकत्या विस्कटायच्या, पुन्हा ओळीने लावायच्या, मग उलट्या करून मागचे आकडे बघायचे आणि चुका वहीत लिहायच्या. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे जड नव्हतं. पण आता ते शहात्तर वर्षांचे होते. त्यांचा थोरला भाऊ शेवटी शेवटी पोटच्या मुलांना ओळखेनासा झाला होता. आपलंही तसं व्हायचं असेल, तर ते आधी रंगांत दिसेल, असं दौलतरावांनी मनाशी धरलं होतं.

"किती चुका?" सुषमाताईंनी आतून विचारलं.

"एकही नाही."

"मग तोंड का असं?"

"एकही नाही म्हणूनच. आकडे पाठ झाले असतील माझे."

सुषमाताई हसल्या. कारखान्यातले लोक दौलतरावांना मागून 'डॉक्टर बहुधा' म्हणत, कारण प्रत्येक अहवालाच्या शेवटी ते 'बहुधा' लिहीत. हे नाव घरी पोचलं तेव्हा सगळ्यांत जास्त त्याच हसल्या होत्या.

त्या दारात आल्या. उजवा हात कोपराखालून बोटांच्या पेरांपर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. दौलतरावांनी नजर चकत्यांवर ठेवली.

जुलैत नदीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा दोघं वरच्या मजल्यावर जायला निघाले होते. त्यांच्या एका हातात सुषमाताईंचा हात होता आणि दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी, आयुष्यभराच्या रंगांचे नमुने असलेली. चौथ्या पायरीवर पेटी निसटायला लागली. पेटी सावरायला दोन हात लागले. सुषमाताई पडल्या त्या मनगटावर. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे प्लॅस्टर. हाड जुळलं तर जुळलं, नाहीतर चिरून पट्टी बसवावी लागेल, आणि या वयात, या साखरेत ते नको व्हायला. तीन आठवडे झाले होते. पेटीबद्दल सुषमाताईंनी एक अक्षर काढलं नव्हतं. तेच दौलतरावांना खात होतं.

"तुमचा फोन वाजतोय," त्या म्हणाल्या. "तो कॅम्प चारवाला असेल. कालपासून तिसऱ्यांदा करतोय."

२

धर्मेशचं दुकान उल्हासनगर कॅम्प चारच्या एका गल्लीत होतं. एका बाजूला जीन्स शिवणारे, दुसऱ्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या विकणारा. मधल्या दहा बाय वीसच्या गाळ्यात छतापासून गिटारी टांगलेल्या. धर्मेश सिंधी, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. जुन्या गिटारी दुरुस्त करायचा आणि हौशी लोकांना विकायचा.

"आओ, आओ, डॉक्टरसाब! बसा. ओ चाचा, दो कटिंग! एक बिना शक्कर!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "चारशे सतरा सापडला."

दौलतराव स्टुलावर बसले ते हळूच.

अंबरनाथला सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका छोट्या कारखान्यात इलेक्ट्रिक गिटारी बनत आणि बाहेरदेशी जात. त्यांना रंग पुरवायचं काम दौलतरावांच्या प्रयोगशाळेकडे होतं. लाल, काळा, तपकिरी हे नेहमीचे. पण एकदा, फक्त एकदा, एक वेगळा रंग निघाला. कागदावर त्याचा नंबर ४१७. केळीचा खांब सोलत गेलं की अगदी आतलं सोपट जसं दिसतं, ज्याने ऊन कधी पाहिलेलंच नसतं, तसा हिरवट पांढरा. एकोणीस गिटारींना तो लागला. दुसऱ्यांदा तो बनलाच नाही. तेच घटक, तीच वजनं, तोच हात. अकरा वेळा प्रयत्न केला, अकराही वेळा दुसराच रंग. शेवटी फाइल बंद झाली. असे थोड्याच नगांवर उतरलेले कारखान्याचे रंग आता हौशी लोक जगभर शोधत फिरतात, हे त्यांना धर्मेशनेच सांगितलं होतं.

"बेंगलोरची पार्टी आहे. त्याला एकच पाहिजे, ज्याने रंग बनवला त्याची सही. ओरिजिनल आहे म्हणून." धर्मेशने टेबलावरचं फडकं ओढलं. "उल्हासनगरमध्ये ओरिजिनल माल आला की आम्हालाच डाउट येतो ना, साईं."

गिटार टेबलावर होती. दौलतरावांनी ती उजेडाकडे वळवून निरखली.

"पुन्हा रंगवली आहे," ते शेवटी म्हणाले. "पंचेचाळीस वर्षांत हा रंग पिवळा पडायला हवा. हा काल वाळल्यासारखा आहे."

"मला पण तेच वाटलं. म्हणून गार्ड खोलला." धर्मेशने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

तारांखाली, समोरच्या बाजूला प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी असते, तिला गार्ड म्हणतात. बाकीच्या गिटारीवर वर्षानुवर्षं उजेड पडतो, रंग उडतो. गार्डखाली पडत नाही. म्हणून पट्टी काढली की खाली कारखान्यातून निघाला तसा ताजा रंग मिळतो. जाणकार तिथेच बघतात.

धर्मेशने आठ स्क्रू काढले आणि पट्टी उचलली.

खाली रंग उडालेला होता. नुसता उडालेला नव्हे. गच्चीवर वर्षानुवर्षं टाकलेल्या खुर्चीसारखा पिवळा, तडकलेला, उन्हाने खाल्लेला. पट्टीची कड जिथे संपत होती, बरोबर तिथेच ते संपत होतं. बाहेर ताजा रंग, आत जुना.

"उलटा आहे ना?" धर्मेश म्हणाला. "आतून ऊन लागल्यासारखा."

"आतून ऊन लागत नाही." दौलतरावांनी भिंग काढलं. "ॲसिडची वाफ साचली असेल. प्लॅस्टिकमधून काही सुटलं असेल. बहुधा."

"आणि हे?"

त्या पिवळ्या भागात मध्ये चार पट्टे होते, शेजारी शेजारी, बोटभर रुंद. तेवढ्याच जागी रंग कोवळा राहिला होता. उन्हात काही झाकून ठेवावं आणि झाकलेलं तेवढं वाचावं, तसा.

"पट्टी बसवताना कुणी हात ठेवला असेल," दौलतराव म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं, की पट्टीच्या खाली हात राहत नाही.

सही त्यांनी केली नाही. तपासायला म्हणून कडेची नखाएवढी कपची मागून घेतली. सवयीने ती काळ्या कागदात गुंडाळली आणि आतल्या खिशात ठेवली. नमुना कधी उजेडात ठेवायचा नाही, हा धंद्यातला पहिला धडा.

३

मूळ नमुना पेटीत होता. प्रत्येक रंगाची एक पत्र्याची पट्टी, काळ्या लिफाफ्यात, वर नंबर. चारशे सतराचा लिफाफा १९७९ नंतर फक्त दोनदा उघडला गेला होता.

त्यांनी तो उत्तरेच्या खिडकीशी नेऊन उघडला. पट्टी पिवळी पडली होती. तडे गेले होते. मागच्या उघड्या पत्र्यावर मात्र गंजाचा ठिपकाही नव्हता.

दौलतरावांनी आधी स्वतःवर संशय घेतला, कारण तो सगळ्यांत जवळचा होता. चकत्या काढल्या, परीक्षा दिली. चूक एकही नाही. शेजारचे लिफाफे उघडले: चारशे सोळा ठीक, चारशे अठरा ठीक. पुराची ओल म्हणावी, तर ती या एकाच लिफाफ्यात शिरून बाकीच्यांना सोडून जाईल कशी?

"अहो, जेवायचं आहे ना?"

"आलो."

उत्तर मिळेपर्यंत नमुना जपायला हवा. बत्तीस वर्षांच्या हाताने मग जे करायचं तेच केलं. कपची आणि पट्टी एका लिफाफ्यात, लिफाफ्यावर दुसरा लिफाफा, त्यावर चॉकलेटचा जुना पत्र्याचा डबा. डबा ठेवायला घरातली सगळ्यांत काळोखी जागा शोधली. ती होती सुषमाताईंच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे.

४

चांगुणा बारवीकडच्या वाडीतून कामाला यायची. सुषमाताईंचा हात मोडल्यापासून घर तीच सांभाळत होती. दहा-अकरा दिवसांनी तिने ओल लागू नये म्हणून कपाटातल्या साड्या बाहेर काढल्या आणि एक शालू हातात घेऊन ती दारात आली.

"बाय, ह्यो लुगडा आतून इटलाय."

"आतून कसा विटेल गं? घडीच्या बाहेरची बाजू विटते."

"तं बगा ना."

लग्नातला शालू होता, गर्द जांभळा. घडीच्या बाहेरची बाजू होती तशी जांभळी. आतल्या घड्या राखाडी पडलेल्या. जितकी घडी आतली, तितकी पांढरी.

"असेल," सुषमाताई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. मीच कुठे जांभळी राहिलेय?"

चांगुणा हसली. दौलतराव हसले नाहीत. दुपारी दोघी झोपल्यावर त्यांनी कपाट भिंतीपासून वीतभर सरकवलं आणि मागे पाहिलं. सगळ्या खोलीची भिंत पोपटी होती. कपाटामागची, दहा वर्षं कपाटाने झाकलेली भिंत पांढरी फटक पडली होती.

त्यांनी डबा काढला, त्यावर आणखी एक काळं कापड घट्ट गुंडाळलं आणि तो पुन्हा होता तिथेच ठेवला. यापेक्षा शहाणपणाचं त्यांना काही सुचलं नाही.

मग घड्याळ काढून हात धुवायला गेले, तेव्हा नळाखाली त्यांना आपलं मनगट दिसलं. घड्याळाच्या पट्ट्याखाली माणसाची कातडी फिकी असते. त्यांची काळी पडली होती. पट्ट्याएवढी, बक्कलाच्या खुणेसकट, भर मे महिन्यात पालेगावच्या बांधावर उभ्या असलेल्या त्यांच्या बापाच्या पाठीसारखी रापलेली. बाकीचा हात होता तसाच, घरात बसणाऱ्या म्हाताऱ्याचा.

घड्याळ त्यांनी पुन्हा घातलं नाही. ते नळ चालू ठेवून उभे राहिले, आणि मनात आलेला विचार पुरता येऊ द्यायला तयार होईनात. झाकलेलं. घरात जे जे झाकलेलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हात कसा आहे?"

"छान आहे."

"आत खाज? दुखतं?"

"आधी दुखायचं. आता नाही." सुषमाताईंनी प्लॅस्टर मांडीवर घेतलं. "ऊबदार वाटतं हो. थंडीत अंगणात हात उन्हाला धरावा ना, तसं."

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस. आणि धरून ठेवल्यासारखं वाटतं. बरं वाटतं."

"प्लॅस्टर धरूनच ठेवतं," दौलतराव म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टर."

त्या डुलकी घेत होत्या तेव्हा ते जवळ जाऊन बसले. अंगठ्यापाशी प्लॅस्टर आणि कातडी यांच्यात पेन्सिल जाईल एवढी फट होती. त्यांनी एक डोळा मिटला आणि दुसरा फटीला लावला, भिंगाला लावावा तसा. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून फटीभोवती तळवा धरला.

आत काळोख असायला हवा होता. आत दुपार होती. कापसाचा एकेक धागा दिसत होता, सुषमाताईंच्या मनगटावरची लव दिसत होती. उजेड स्थिर होता. मग आत काहीतरी जराशी जागा बदलून बसलं आणि फटीच्या बाजूला सावली झाली.

दौलतराव मागे झाले ते खुर्चीसकट.

"काय पडलं?" सुषमाताईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. मीच."

५

दुसऱ्या दिवशी ते कॅम्प चारला गेले. धर्मेशच्या दुकानाचं शटर सताड उघडं होतं. आतला पडदा, काउंटरचं दार, कपाटांच्या फळ्या, सगळं काढून गल्लीत ठेवलेलं. चारशे सतरा भिंतीवर नागडी टांगली होती. पट्टी नाही, तारा नाहीत, मागची झाकणंही नाहीत. धर्मेशने दाढी केलेली नव्हती.

"केस दाखवतो," तो म्हणाला. कटिंग मागवली नाही.

गिटारीची पेटी त्याने पायाने उघडली. आतली लाल मखमल पांढरी पडली होती. गिटार ठेवली होती त्या आकारात तेवढं लाल राहिलं होतं. आणि गिटारीच्या मानेला वेढून, चार पट्टे. तेही लाल.

"नवीन पेटी होती, डॉक्टरसाब. बारा दिवस बंद होती. बस." धर्मेशने हात पँटला पुसले. "बेंगलोरवाल्याला नाही बोललो मी. वो पूछता है क्यूँ, मी काय सांगू? पट्टी काढली, झाकण काढलं, तेव्हापासून कुठे काही नाही. उघडं ठेवलं की नाही होत. झाकलं की होतं. तुमच्याकडे तो तुकडा आहे ना? कुठे ठेवलाय?"

दौलतराव मनात मोजू लागले. दोन लिफाफे. डबा. काळं कापड. साड्यांच्या मागे. त्यांनी घाबरून जे जे केलं होतं, ते सगळं झाकणंच होतं.

"तुम्ही बनवला ना रंग," धर्मेश म्हणाला. रागाने नाही, मूल विचारतं तसं. "काय टाकलं होतं त्यात?"

"नेहमीचंच," दौलतराव म्हणाले. "सगळं नेहमीचंच टाकलं होतं."

घरी येऊन त्यांनी डबा काढला, कापड सोडलं, लिफाफे फाडले. कपची आणि पट्टी गच्चीच्या कठड्यावर उघडी ठेवली, वर दगडही न ठेवता. कपाटाची दारं उघडून टाकली. पडदे उतरवले. चांगुणा बघत राहिली. सुषमाताई म्हणाल्या, "दिवाळीला अजून वेळ आहे हो."

राहिलं एकच. त्यांनी दवाखान्यात फोन केला. हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या, डॉ. किर्ती. आवाज नेहमी घाईत, पण गोड.

"काका, अजून नऊ दिवस आहेत."

"आज काढता येणार नाही का? माझा आग्रह आहे."

"त्रास होतोय का आजींना? सूज? बोटं निळी?"

"नाही. बरं वाटतंय तिला." हे वाक्य त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटलं.

"मग कारण काय?"

डॉ. दौलतराव भोपींनी आयुष्यभर कारणांशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना थोरला भाऊ दिसला, बिछान्यावर बसून भिंतीकडे बोट दाखवणारा. हे बोलून दाखवलं, तर लोक हात बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील.

"सहज," ते म्हणाले.

"आत्ता काढलं तर हाड हलेल, काका. मग प्लेटच. ती रिस्क तुम्ही घेणार का?"

ते घेऊ शकले नाहीत. एकदा त्या हाताबद्दल त्यांनी निर्णय घेतला होता. आता धरायचं काय आणि सोडायचं काय, हे ठरवायचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांना वाटेना. नऊ दिवस ते समोर खुर्ची टाकून बसले. सुषमाताई पेपर वाचत, डाळ निवडताना चांगुणाशी गप्पा मारत, आणि मधूनच बोलता बोलता थांबून प्लॅस्टरकडे बघत. कुणी कानाशी काही बोललं की माणूस थांबतो, तशा. त्यांचा चेहरा उजळला होता. चांगुणाही म्हणाली, "बाय बरी दिसतेय."

दौलतरावांनी त्या दिवसांत चकत्यांना हात लावला नाही.

६

प्लॅस्टर कापायचं यंत्र कर्कश ओरडलं. कंपाउंडरने दोन बाजूंनी चीर दिली, डॉ. किर्तींनी चिमट्याने प्लॅस्टर फाकवलं आणि वरचा भाग उचलला. खालचा कापूस विस्तवाजवळ धरल्यासारखा तपकिरी झाला होता.

सहा आठवडे झाकलेला हात सुकून पांढरा, सुरकुतलेला निघतो. हा निघाला तो शेतावरच्या बाईचा. तांबूस काळा, उन्हात भाजलेला, तुकतुकीत. आणि मनगटावर, जिथे हाड मोडलं होतं तिथे, एका बाजूने चार फिके पट्टे आडवे गेलेले, दुसऱ्या बाजूने एक जाड, आखूड. कुणी ते मनगट मुठीत घट्ट धरून दिवसच्या दिवस उन्हात बसावं आणि मग मूठ सोडावी, तसे.

कंपाउंडरने यंत्र खाली ठेवलं.

"हे प्रेशर मार्क्स आहेत," डॉ. किर्ती म्हणाल्या. "आणि हे... पॅडिंगची ॲलर्जी असेल. पिगमेंटेशन होतं कधी कधी." त्या पुढे बोलणार होत्या, पण एक्स-रे लावायला वळल्या, आणि तिथे त्यांना धीर आला. "पण हाड बघा! काका, इकडे या. मी अशी जुळणी तिशीतल्या पेशंटची पण बघितली नाही. एक केसभर सरकलं नाहीये. फार छान धरून ठेवलं गेलंय."

दौलतराव एक्स-रेकडे बघत नव्हते. ते पट्टे बघत होते. बत्तीस वर्षं रंगांत काढलेल्या डोळ्याला न मोजताही कळत होतं, की ती बोटं त्यांच्या बोटांपेक्षा लांब होती. एका पेराने तरी.

"आठवडाभर क्रेप बँडेज बांधा," डॉक्टर म्हणाल्या. "ही कातडी नाजूक आहे. उन्हापासून झाकून ठेवायची."

"नको," दौलतराव म्हणाले. आवाज मोठा निघाला. "बांधू नका. उघडाच राहू दे. पुन्हा झाकू नका तो हात."

कंपाउंडर त्यांच्याकडे बघू लागला. डॉ. किर्तीही. ज्या नजरेची त्यांना इतकी वर्षं भीती होती, नेमकी तीच.

"अगं, तू तरी सांग यांना. सुषमा. तुला कळतंय ना मी काय म्हणतो ते?"

सुषमाताई उघड्या हाताकडे बघत होत्या. दौलतरावांना वाटलं होतं, त्या घाबरतील. त्या घाबरल्या नव्हत्या. स्टेशनवर सोडायला आलेली माणसं गाडी गेल्यावर बघतात, तशा बघत होत्या.

"मला कळतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्या रात्री फार दुखत होतं हो. तुम्ही शेजारी होतात, पण पेटी पुसत होतात. मी काही बोलले नाही. मग एक दिवस दुखायचं थांबलं. मला आधी वाटलं, तुम्हीच धरलाय."

त्यांनी हात डॉक्टरांपुढे केला.

"बांधा तुम्ही. मला थंडी वाजतेय हाताला."

दौलतरावांनी काही केलं नाही. बँडेजचे वेढे पडत गेले, एकावर एक. तिसऱ्या वेढ्याला सुषमाताईंच्या खांद्यातला ताण सुटला.

७

बाहेर लख्ख दुपार होती. मांजर्लीची शेअर रिक्षा उभी होती. मागे तिघं भरल्याशिवाय हलत नसे. दौलतराव आधी आत शिरले आणि कडेला सरकले. अठ्ठेचाळीस वर्षं सुषमाताई त्यांना खेटून बसत आल्या होत्या. धक्के बसतात म्हणून, सवय म्हणून. आज त्या दुसऱ्या कडेला बसल्या. मध्ये एका माणसाची जागा राहिली. बांधलेला हात त्यांनी त्या जागेच्या बाजूला, पदराखाली घेतला.

"इकडे सरक ना," दौलतराव म्हणाले.

"बसलेय मी नीट."

"मांजर्ली एक शीट, एक शीट!" रिक्षावाला ओरडला. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई धावत आली आणि तिने आत पाय ठेवला.

"जागा नाही, बाई," सुषमाताई म्हणाल्या.

"अहो, असं काय करता? एवढी तर आहे!"

"जागा नाही."

"ओ काकी, शेअरची गाडी आहे ही," रिक्षावाला वैतागून म्हणाला. "जरा सरकून घ्या ना. काका, तुम्ही तरी समजावा की त्यांना..."

बोलता बोलता तो मागे वळला. त्याची नजर दौलतरावांवरून सरकली, मधल्या जागेवर आली आणि तिथे थांबली. मग खाली, सुषमाताईंच्या पदराकडे गेली. त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"ताई, तुम्ही मागची पकडा," तो त्या बाईला म्हणाला. आवाज एकदम बारीक आणि अदबीचा झाला होता. तो पुढे वळला, मागचं दाखवणारा आरसा त्याने हाताने फिरवून छताकडे केला आणि रिक्षा सुरू केली.

दौलतरावांना मान फक्त जराशी डावीकडे वळवायची होती. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरचा रस्ता बघत राहिले. खड्डा आला. रिक्षा कलली, आणि त्यांच्या खांद्याला एक खांदा लागला. उन्हात तापलेल्या दगडासारखा गरम होता तो.

पलीकडच्या कडेला सुषमाताई कुणाशी तरी अगदी हळू आवाजात बोलत होत्या.